सोडणं आणि लपवणं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी महिन्यापूर्वी फोन करून भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. घाईत म्हटलं, "संगणक क्षेत्रातील संधी, असं काहीतरी लिहून टाका." पत्रिकेत तेच छापलंय. त्याबद्दल आधीच माफी मागते. मुलांच्या ॲडमिशनचं ज्यांना विचारायचंय त्यांनी मला जेवताना गाठा, मी पळून जाणार नाही. इथं मात्र मी वेगळंच बोलणार आहे.

कारण आपल्या ग्रुपवरचा एक मेसेज. माझी बाकावरची मैत्रीण इथं दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिनं लिहिलं होतं, "पाचवी ते दहावी सहा वर्षं तुझ्याशेजारी बसले, पण तुझं घर कुठं होतं गं? कधी आलेच नाही." त्यावर तुम्ही सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ती सहा वर्षं मला घरी यायचं म्हणत होती आणि मी दर वेळी सांगायचे, "आमचं घर लई लांब आहे."

आमचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होतं. रूळ ओलांडले की नदीकडच्या अंगाला. अजून तिथंच आहे. शाळेची घंटा आमच्या अंगणात ऐकू यायची.

मी ते का सांगितलं नाही हे सांगायला मला आधी माझ्या आजोबांचं सांगावं लागेल. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. तुमच्यापैकी ज्यांची मोंढ्यात आडत होती त्यांनी आबांना नक्की पाहिलंय. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्याला पोती उचलायचा हूक. कांद्याची आणि कापसाची किती पोती त्यांनी उचलली असतील याचा हिशेब नाही. पण ते जन्मापासून हमाल नव्हते. हमाल होणं त्यांनी पत्करलं होतं. त्याआधी आमच्या घरात गावकीचं काम होतं. सांगावे पोचवायचे, सरकारी माणूस आला की पुढं पळायचं, गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं, आणि त्या बदल्यात दारोदार भाकर मागायची. आम्ही जातीनं महार. हा शब्द या शाळेच्या आवारात मी मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारते आहे.

1956 च्या दसऱ्याला आबा नागपूरला गेले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. इथून पंचवीस-तीस जण निघाले होते. लासूरहून मनमाडपर्यंत आपली मीटरगेजची लहान गाडी, मनमाडला उतरून मोठी गाडी धरायची, मग भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती लहान गाडी आठवत असेल. आपण शाळेत असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपला रूळ मोठा झाला. आबांनी त्या प्रवासासाठी पांढरे कपडे उसने आणले होते. सदरा एकाचा, धोतर दुसऱ्याचं.

14 ऑक्टोबरला नागपुरात आधी बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. हे सगळं मी नंतर वाचलं. आबा इतके मागं होते की त्यांना बाबासाहेब दिसलेच नाहीत, फक्त लाऊडस्पीकर ऐकू आला. "दिसलं काय नाही, पण सगळं ऐकलं," असं ते सांगायचे. त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. म्हणजे ज्यांच्या शब्दावर यांनी घरदार बदललं, ते पुढं काय करायचं हे सांगायला राहिलेच नाहीत.

आबा नागपूरहून परत आले ते थेट देव्हाऱ्याजवळ गेले. त्यातले टाक एका फडक्यात बांधले, दिवसाढवळ्या गल्लीतून चालत गेले आणि शिवनेच्या डोहात सोडून आले. दुसऱ्या दिवशी गावकीच्या कामाला गेले नाहीत. बोलावणं आलं, तेव्हा सांगितलं की हे काम आता आमच्याकडं नाही. मग भाकर बंद झाली, शेतातली मजुरीही काही महिने मिळेना. ते स्टेशनवर आले, मोंढ्यात उभे राहिले आणि पोतं उचललं. पोतं उचलताना कोणी विचारत नाही, हे त्यांचं म्हणणं. आणि मजुरी रोख मिळते.

मी इथं कोणाच्या देवाबद्दल बोलत नाहीये, गैरसमज नको. दाक्षायणी देवीच्या यात्रेत नवरात्रात मी तुमच्याबरोबर पाळण्यात बसलेय, जिलेबी खाल्लीय. मी बोलतेय ते एका माणसानं स्वतःबद्दल घेतलेल्या निर्णयाबद्दल.

त्या काळात आबांचं आयुष्य तसंही सारखं बदलत होतं. जन्मले तेव्हा ते निजामाची रयत होते. 17 सप्टेंबर 1948 नंतर भारतात आले. दीक्षा घेऊन अठरा दिवस झाले असतील नसतील, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. साडेतीन वर्षांनी महाराष्ट्र झाला. यातल्या एकाही बदलाला आबांना कोणी विचारलं नव्हतं. झोपेतून उठावं तर राज्य बदललेलं. आपलंही तसंच आहे, आपण औरंगाबाद जिल्ह्यात शिकलो आणि आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या शाळेत मेळावा भरवतोय. पण टाक शिवनेत सोडणं, तेवढं एक आबांनी स्वतः केलं होतं.

ते एका दिवसात झालेलं नव्हतं. येवला इथून किती लांब? वैजापूर तालुका संपला की येवला तालुका. 13 ऑक्टोबर 1935 ला तिथल्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून जन्माला येणं त्यांच्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून ते मरणार नाहीत. तेव्हा आपण निजामाचे आणि येवला इंग्रजांचं, मधे सरहद्द. आबा सात वर्षांचे होते. त्यांचे वडील ही बातमी बाजारातून घेऊन आले आणि घरात कोणी काही बोललं नाही, एवढंच आबांना आठवायचं. तिथून नागपूरपर्यंत एकवीस वर्षं गेली. बाबासाहेबांनी मे 1936 मध्ये मुंबईत दादरला परिषद घेऊन धर्म का बदलायचा ते सविस्तर मांडलं, वेगवेगळे धर्म तपासले, बौद्ध देश पाहून आले. घोषणा केली 1935 ला आणि पाऊल उचललं 1956 ला. आमच्या क्षेत्रात सहा महिने उशीर झाला की गदारोळ होतो. एकवीस वर्षं एखादा माणूस नुसता शोधत राहतो आणि तोवर जुन्याच नावानं जगतो, हे मला आताशा फार मोठं वाटतं.

आता आज्जीचं सांगते, कारण ते कोणाच्या भाषणात येत नाही. आबांनी टाक नेले तेव्हा आज्जीनं एक टाक काढून कणगीत, ज्वारीखाली, लपवून ठेवला. मरीआईचा. तिची दोन मुलं पटकीत गेली होती, तिसरं, म्हणजे माझे वडील, सहा वर्षांचे होते. तिला भीती वाटली. आबांना ते पहिल्याच वर्षी ज्वारी काढताना कळलं होतं. ते बोलले नाहीत. टाक होता तिथं परत ठेवला. बारा वर्षांनी, वडिलांना कॉलेजात प्रवेश मिळाला त्या वर्षी, आज्जी आपणहून उठली, कणगीत हात घातला आणि एकटीच नदीवर जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "आता माझं बी झालं." आबा म्हणाले, "बरं." हे दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलंय आणि दोन्हीकडून जुळतं.

वडील मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली काढलेलं कॉलेज. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा. कॉलेजला नाव द्यायचं ते प्रश्न विचारणाऱ्याचं, आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचं, नागसेनवन. वडिलांना हे सांगताना अजून आनंद होतो.

पदवी झाल्यावर केंद्र सरकारच्या एका खात्यात जागा निघाल्या. वडिलांची फार इच्छा होती. अर्जात धर्म आणि जात असे रकाने होते. आता गंमत अशी, की अनुसूचित जातींबद्दलचा राष्ट्रपतींचा 1950 चा आदेश फक्त हिंदूंना धरून होता. 1956 मध्ये त्यात शीख आले. बौद्ध यायला 1990 उजाडलं. मधल्या काळात महाराष्ट्र सरकारनं नवबौद्ध म्हणून सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत त्या चालत नव्हत्या. म्हणजे अर्जात "हिंदू महार" लिहिलं तर राखीव जागा, आणि "बौद्ध" लिहिलं तर काही नाही. ओळखीच्या बऱ्याच जणांनी पहिलं लिहिलं. त्यांना मी नावं ठेवत नाही, घरात खाणारी तोंडं असतात. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरही गुरुजींनी जुनंच लिहिलेलं होतं, तेव्हा कागद तयार होता. आबांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. वडिलांनी रात्रभर अर्ज समोर ठेवला आणि सकाळी "बौद्ध" लिहिलं. ती जागा मिळाली नाही. तीन वर्षं ते आबांबरोबर मोंढ्यात काटा लिहीत बसले. मग जिल्हा परिषदेत शिक्षक झाले. 1990 ची दुरुस्ती पेपरात आली तेव्हा मी पाचवीत होते. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली, घडी करून वहीत ठेवली आणि शाळेत गेले. आबांना मात्र त्यातल्या "नवबौद्ध" शब्दाचाच राग. "चौतीस वर्षं झाली, अजून किती दिवस नवे?"

माझ्या कामात हे रोज दिसतं. आम्ही जुन्या प्रणालीतली माहिती नव्या प्रणालीत हलवतो. एखादा जुना रकाना कोणाला नकोय, सगळ्यांनी ठरवून टाकलंय, आणि तो काढायला जावं तर कळतं की कुठल्या तरी कोपऱ्यातला वीस वर्षांपूर्वीचा एक प्रोग्राम अजून रोज रात्री तोच रकाना मागतोय. मग तो काढता येत नाही. आपण सोडलं म्हणून जग सोडत नाही. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी 1964 साली जुनं नाव टाकलं, तरी अमेरिकेतली मोठमोठी वर्तमानपत्रं कित्येक वर्षं जुनंच नाव छापत राहिली.

एवढं ज्या घरात झालं त्या घरातली मी मुलगी. आणि मी काय केलं, तर घर लांब आहे म्हणून सांगितलं.

शाळेत कोणी मला काही म्हटलं म्हणून नाही. निदान तोंडावर नाही. पण 14 जानेवारी 1994, विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस, आपण आठवीत होतो. तेव्हा गावात काय वातावरण होतं ते तुम्हाला आठवतंय. आमच्या वस्तीत दिवे लागले होते. मी दुसऱ्या दिवशी शाळेत आले, सगळ्यांना तिळगूळ दिला आणि दिव्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हाच ती सवय लागली असावी.

पुढं इंजिनिअरिंग झालं, 2003 मध्ये पुण्यात नोकरी लागली. माझं आडनाव असं की ते कुठंही खपतं. तुमच्यातल्या तिघांचं तेच आहे आणि आपलं काही नातं नाही. घर भाड्यानं घेताना मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, ऐकलं, आणि स्वतःच्या मनानं जे समजायचं ते समजल्या. मी दुरुस्त केलं नाही. मग ऑफिसात दुरुस्त केलं नाही. 14 एप्रिलला "घरी जरा काम आहे" म्हणून सुट्टी घ्यायची. एकदा डबे खाताना राखीव जागांवर विनोद झाला. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं, माझाच आवाज.

मी स्वतःला सांगायचे की मी जात सोडली आहे. पुण्यात, आयटीत, कोण जात मानतं? आपण फक्त इंजिनिअर. आबांनी जे सोडलं त्याच्याही मी पुढं गेलेय, असं मला खरोखर वाटायचं.

2007 मध्ये आबा पहिल्यांदा पुण्याला राहायला आले. एकोणऐंशी वर्षांचे. दोन दिवस घर बघितलं, लिफ्टमधून खाली-वर करून झालं. तिसऱ्या दिवशी हॉलमधल्या भिंतीकडं बोट करून म्हणाले,

"माय, खिळा हाय. फोटू कुठंय?"

फोटो कपाटात होता. बाबासाहेबांचा, आईनं लग्नात दिलेला. कोणी ऑफिसचं येणार असलं की मी तो काढून साड्यांमागं ठेवायचे, आणि गेल्या वेळी परत लावायचा राहून गेला होता. मी म्हटलं, "काच साफ करायला काढलाय, आबा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ज्वारी काढताना टाक सापडल्यावर त्यांनी आज्जीकडं असंच बघितलं असेल, असं मला नंतर वाटत राहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा पिताना एवढंच म्हणाले, "म्या टाक नेले तवा समदी गल्ली बघत व्हती. चोरून न्हाय नेले."

ते गावी गेल्यावर मी फोटो लावला. आणि खरं सांगायचं तर पुढच्या महिन्यात परत काढला. 2011 मध्ये आबा गेले तेव्हा तो कपाटातच होता. आज्जीसाठी ते बारा वर्षं थांबले. माझ्यासाठी थांबायला त्यांच्याकडं चारच वर्षं होती.

मोठा प्रसंग घडला आणि मी बदलले, असं काही झालेलं नाही. 2015 मध्ये मुलीला दुसरीत प्रकल्प होता, घरातल्या चार पिढ्यांची माहिती लिहायची. पणजोबांचा व्यवसाय. मी सांगितलं, "शेती लिही." तिनं लिहायला घेतलं आणि विचारलं, "मग आपलं शेत कुठंय?" आमचं शेत कधीच नव्हतं. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, खोडलं आणि लिहिलं: हमाल, मोंढा, लासूर स्टेशन. मग तिनं विचारलं, त्याआधी काय करायचे? तेव्हा स्वयंपाक बाजूला ठेवून तिला सगळं सांगितलं, नागपूर, लहान गाडी, उसना सदरा. त्या रात्री फोटो लावला. तो आता हलत नाही.

ऑफिसात सांगायला आणखी वर्ष लागलं. डबे खातानाच सांगितलं, त्याच टेबलावर. दोन जणी एकदम फार गोड वागायला लागल्या, एकीचं घरी येणं हळूहळू थांबलं. एक मुलगा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, संध्याकाळी माझ्या जागेपाशी आला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, माझंही तसंच आहे." आणि निघून गेला. त्यानं अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी त्याला विचारतही नाही.

तर आता तुमच्याकडं वळते. मी या शाळेत सहा वर्षं खोटं बोलले ते एका मुलीशी, जिनं मला रोज डब्यातली पोळी दिली. तिच्या घरी मी किती वेळा जेवले असेन. तिची आई मला वाढताना काही जाणून होती की नाही हे मला कधीच कळलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत. त्या जाणूनच वाढत असतील, तर ज्या माणसांपासून मी लपत होते त्यांच्यापासून लपायची गरजच नव्हती, हेही मला मान्य करायला हवं.

आपले मराठीचे सर समोर बसलेत. सर, तुम्ही नववीत "माझे आजोबा" हा निबंध दिला होता. मी लिहिलं होतं की माझे आजोबा शेतकरी आहेत आणि त्यांच्याकडं दोन बैल आहेत. तुम्ही त्याला दहापैकी आठ गुण देऊन वर्गात वाचून दाखवला होता. बैलांची नावंसुद्धा मी दिली होती. ते गुण परत घ्यायचे असतील तर घ्या.

आई घरी आहे, वडीलही आहेत. सकाळी निघताना मी सांगून आलेय की संध्याकाळी कोणीतरी येईल. दुसऱ्या रांगेतल्या बाईंना तर मी नेणारच आहे, त्यांना आता नाही म्हणायची सोय नाही. बाकी ज्यांना यायचंय त्यांनी जेवण झालं की फाटकापाशी थांबा. रूळ ओलांडून डावीकडं, चौथं घर, निळा दरवाजा. चालतच जाऊ, रिक्षाची गरज नाही. खुर्च्या कमी पडतील, पण अंगण मोठं आहे.